वाटा आणि वजन

यंदाच्या चवथीला धाकटी बहीण पेडण्याहून आली, तेव्हा तिच्या हातात नेवऱ्यांच्या डब्याबरोबर एक प्लास्टिकची पिशवी होती. दीड दिवसाचा गणपती पोचवून मंडळी परतली, जेवणे उरकली, पाऊस जरा ओसरला, आणि मग तिने ती पिशवी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. आत बँकेचे पासबुक होते, एका विक्रीखताची झेरॉक्स होती, आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या तिच्या लेकीने छापून दिलेले दोन कागद होते.

मोपाच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत तिच्या सासरचे काजूचे भाट. त्यातला एक तुकडा गेल्या वर्षी विकला गेला. आलेल्या रकमेचा आकडा इथे लिहीत नाही. चौतीस वर्षे मास्तरकी करून तेवढा पैसा मी एका ठिकाणी कधी पाहिला नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे. भाच्याचे म्हणणे, या पैशांत तीन टॅक्स्या घेऊ. एक मी चालवतो, दोन भाड्याने लावू. भाचीचे म्हणणे, आईने जन्मात पहिल्यांदा पैसा पाहिला आहे, तो ‘इंडेक्स फंडा’त घालावा. त्यातही दोन प्रकार. एका कागदावर देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्या, जिची बाजारात जेवढी किंमत त्या प्रमाणात तिला वाटा. दुसऱ्या कागदावर त्याच पन्नास कंपन्या, पण प्रत्येकीला सारखा वाटा, शंभरातले दोन रुपये.

“दादा, तूं गणिताचो मास्तर,” ती म्हणाली. “ह्यांतलें बरें खंयचें, तें म्हाका सांग.”

गणित अवघड नव्हते. पंधरा मिनिटांत समजावता आले असते. पण मी “वाचून सांगतो” म्हणालो, आणि ती पिशवी पुढे महिनाभर माझ्या कपाटात पडून राहिली. का, ते ओघाने येईलच. आधी गणित.

मराठीत ‘वजन’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. तागडीत असते ते वजन, आणि गावात एखाद्याच्या शब्दाला असते तेही वजनच. शेअरबाजाराच्या निर्देशांकात कोणत्या कंपनीला किती वाटा, हे सांगायलाही हाच शब्द वापरतात, आणि तिथे त्याचे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून जातात. समजा, बाजारात तीनच कंपन्या आहेत. पहिलीची एकंदर किंमत ६०० कोटी, दुसरीची ३००, तिसरीची १००. आपल्याजवळ हजार रुपये आहेत. बाजाराच्या वजनाने घातले तर ते ६००, ३०० आणि १०० असे विभागले जातील. सारख्या वजनाने घातले तर प्रत्येकीत ३३३. आता तिसरी, लहान कंपनी दुप्पट झाली आणि बाकीच्या दोघी होत्या तिथेच राहिल्या, तर पहिल्या रीतीत हजाराचे ११०० होतात, दुसऱ्या रीतीत १३३३. उलट तीच लहान कंपनी बुडाली, तर पहिल्या रीतीत ९०० हाती राहतात, दुसऱ्या रीतीत ६६७.

इथवर कोणीही सांगेल. खरा फरक यानंतर पडतो. पहिल्या रीतीत वाढणाऱ्या कंपनीचे वजन आपोआप वाढते. आपल्याला बोटही हलवावे लागत नाही. दुसऱ्या रीतीत वाटे पुन्हा सारखे करायचे, तर दुप्पट झालेल्या कंपनीतून २२२ रुपये काढून बाकीच्या दोघींना १११ प्रमाणे द्यावे लागतात. म्हणजे चढत्याचे काढायचे आणि मागे राहिलेल्याला द्यायचे, आणि हे पुन्हा पुन्हा करीत राहायचे. प्रत्येक वेळी दलाली आहे, व्यवहारावरचा कर आहे. पहिली रीत सावकाराची आणि दुसरी आईची, असे मला प्रथम वाटले होते. ते तितके सरळ नाही.

वजन देण्याची एकच नैसर्गिक रीत आहे असेही नाही. अमेरिकेत चार्ल्स डाऊने १८९६ मध्ये बारा कंपन्यांचा निर्देशांक काढला, तेव्हा एका शेअरची किंमत हेच तिचे वजन होते. कंपनी केवढी आहे, याचा संबंधच नव्हता. आपल्याकडे मुंबईचा ‘सेन्सेक्स’ १९८६ मध्ये आला आणि ‘निफ्टी’ १९९६ मध्ये. दोन्ही बाजारवजनाचे. पुढे सेन्सेक्सने २००३ मध्ये आणि निफ्टीने २००९ मध्ये प्रवर्तकांनी घरात धरून ठेवलेले शेअर वजनातून वगळले, कारण जे बाजारात फिरतच नाहीत त्यांचे वजन कशाला धरायचे? त्याच पन्नास कंपन्यांचा सारख्या वजनाचा निर्देशांक २०१७ मध्ये आला. त्याचे वाटे दर तीन महिन्यांनी पुन्हा सारखे करतात.

यातली प्रत्येक रीत म्हणजे एका जुन्याच प्रश्नाचे निराळे उत्तर आहे. कोणाची किती लायकी, हे कोणी सांगायचे? आपणच कंपन्या निवडून वाटे ठरवले, तर आपण स्वतःच्या अकलेवर विश्वास टाकला. बाजाराच्या वजनाने गेलो, तर लाखो अनोळखी माणसांच्या एकत्रित अंदाजावर टाकला. आणि सारखे वाटे केले, तर कोणावरच टाकला नाही. कोण मोठा ठरेल हे मलाही कळत नाही आणि इतरांनाही कळत नाही, अशी ती कबुली झाली. सारख्या वाट्यात प्रेम असतेच असे नाही. पुष्कळदा ते नुसते अज्ञान असते, पण प्रामाणिक अज्ञान.

लाखो माणसांचा अंदाज चुकत नाही, असे मात्र समजू नये. १९८९ च्या अखेरीस जपानचा शेअरबाजार फुगून फुगून जगात सर्वांत मोठा झाला होता. साऱ्या जगाच्या बाजारवजनाने पैसे घालणाऱ्याने त्या वेळी सर्वांत मोठा वाटा, अगदी नेमक्या शिखरावर, जपानलाच दिला. तिथल्या निक्केई निर्देशांकाने २९ डिसेंबर १९८९ ला गाठलेली उंची पुन्हा गाठायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. आपल्या निफ्टीतही नावे पन्नास असली, तरी पहिल्या दहा कंपन्यांचेच वजन मिळून निम्म्याहून जास्त भरते. गावच्या सभेला पन्नास माणसे बसलेली असतात, पण ठराव पहिल्या रांगेतले दहा जण करतात, तसेच हे.

आता डिचोलीकडे वळतो. कारण निर्देशांक आम्हाला कोणी शिकवले नाहीत, पण एकाच गोष्टीचे वजन वाढत जाते म्हणजे काय होते, ते आमच्या तालुक्याने अंगावर काढले आहे.

आमच्या वडिलांचे कुळागर होते. ज्यांनी कुळागर पाहिले आहे त्यांना वर्णन नको. माड, खाली पोफळी, पोफळीवर चढवलेली मिरवेल, मधल्या ओलाव्यात केळी, बांधावर अननस, कडेला फणस आणि जायफळाची दोन झाडे. सुपारीला कोळेरोग लागला तर नारळ हात देई, नारळाचा भाव पडला तर मिरी. यातले कशाला किती जागा, हे वडिलांनी कधी हिशोबाने ठरवले नाही. ते त्यांच्या वडिलांनी आणि जमिनीच्या उताराने ठरवले होते. पैसा म्हणाल तर त्यात फार कधीच नव्हता. वर्ष निघून जाई.

मग २००३ च्या सुमारास चीनची मागणी वाढली, आणि जी हलकी माती इतकी वर्षे टेकडीसारखी रचून ठेवली होती, तिलाही गिऱ्हाईक आले. २०१०-११ या एका वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. ज्याच्या घरी स्कूटर नव्हती त्याच्या दारात ट्रक उभा राहिला. धाकट्या भावाने पहिला ट्रक घेतला, त्याचे हप्ते दीड वर्षात निम्मे फिटले. रस्त्याच्या कडेची झाडे लाल झाली, घरातली भांडी लाल झाली, त्याचे कोणाला काही वाटेनासे झाले. शिरगावात खाणींचे खड्डे खोल गेले आणि विहिरी आटल्या म्हणून लोक न्यायालयात गेले, तेव्हा आमच्या गावात त्यांना शहाणे म्हणणारे फार थोडे होते. मीही त्यांत नव्हतो.

त्या दिवसांत आपण सारी अंडी एका टोपलीत ठेवली आहेत, असे आम्हाला मुळीच वाटत नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवे. घराघरात विविधता होती. एक भाऊ ट्रकवर, दुसरा खाणीच्या कचेरीत, तिसऱ्याचे टायरचे दुकान, चुलत्याची खानावळ, मेव्हणा मांडवीतल्या बार्जवर, आणि शिल्लक पैसा गावच्या पतसंस्थेत. सहा माणसे, सहा धंदे. पण टायर ट्रकला लागत होते, खानावळीत ड्रायव्हर जेवत होते, बार्ज तेच खनिज मुरगावला नेत होती आणि पतसंस्थेने कर्जे दिली होती तीही ट्रकांनाच. नावे सहा आणि झरा एक.

हॅरी मार्कोविट्झ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये एक निबंध लिहिला आणि त्या कामासाठी त्याला १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या सांगण्यातला गाभा एवढाच की, आपल्याजवळ किती वस्तू आहेत हे मोजून उपयोग नाही. त्या एकाच वेळी पडतात की वेगवेगळ्या वेळी, हे पाहायला हवे. हे मी वर्गात कधी शिकवले नाही, अभ्यासक्रमात नव्हते. पण मला ठाऊक होते.

१० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. सहाच्या सहा धंदे एका महिन्यात बसले. २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, थोडे ट्रक पुन्हा धावले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरणच रद्द ठरले. पुढे लिलाव झाले, २०२४ मध्ये डिचोलीच्या गटात काम पुन्हा सुरूही झाले. पण मधल्या काळात माणसे म्हातारी झाली.

२०१४ च्या त्या निकालात एक गोष्ट होती, तिच्याकडे आम्ही ट्रकवाल्या घरांनी फारसे पाहिले नाही. विकल्या जाणाऱ्या खनिजाच्या रकमेतला दहावा हिस्सा एका कायम निधीत ठेवावा, तो पुढच्या पिढ्यांसाठी, असे न्यायालयाने सांगितले. जमिनीखालचे खनिज हा काही पगार नव्हे. तो वाडवडिलांचा ठेवा आहे, आणि तो विकून आलेला पैसा खाऊन टाकला तर नातवंडांच्या ताटातले उचलले, असा त्याचा साधा अर्थ. नॉर्वे देशाने समुद्रातल्या तेलाच्या पैशाचे असेच केले. १९९० मध्ये कायदा, १९९६ मध्ये पहिला भरणा. आज तो पैसा जगभरच्या हजारो कंपन्यांत, बहुतांशी बाजारवजनाच्या निर्देशांकांना धरून, पसरलेला आहे. आणि त्यातला एक क्रोनही त्यांनी नॉर्वेमध्ये ठेवलेला नाही, सगळा देशाबाहेर. ज्या तेलावर आधीच सारा देश उभा आहे, त्याच्याच सावलीत शिलकीचा पैसाही कशाला ठेवायचा, हा विचार. आमच्या पतसंस्थेच्या संचालकांना, आणि मलाही, तो सुचला नाही.

मला सुचले ते वेगळेच, आणि तीच ती पिशवी उघडता न येण्याची गोष्ट.

वडील २००७ मध्ये गेले. आई त्यांच्या आधीच गेली होती. आम्ही तीन भावंडे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वारसा कायद्याने मुलगा-मुलगी असा भेद नाही. आईबापांनी मृत्युपत्र केले, तरी निम्मी मिळकत मुलांना सारखीच जाते. उरलेल्या निम्म्याचे ते मर्जीप्रमाणे करू शकतात. तेरेखोलच्या पलीकडे, महाराष्ट्रात, वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क मिळायला १९९४ चा राज्याचा आणि २००५ चा केंद्राचा कायदा यावा लागला. आमच्याकडे तो वाटा आधीच होता, आणि त्याचा आम्हाला अभिमानही होता. कागदावर आमच्या घरात सारखे वजन होते. वडिलांनी मृत्युपत्र केलेच नव्हते, म्हणजे सगळेच सारखे.

पण २००९ मध्ये भावाला दुसरा ट्रक घ्यायचा होता, त्यासाठी भाट गहाण ठेवायचे होते, आणि कर्ज देणाऱ्यांना एकाच नावाची स्वच्छ कागदपत्रे हवी होती. तेव्हा बहिणीचा नवरा अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला होता. ती काजू गोळा करून बिया विकत होती. हक्क सोडल्याचा कागद घेऊन कदंबाच्या बसने पेडण्याला मी गेलो, कारण भावाला लाज वाटत होती आणि मला वाटत नव्हती. तिने वाचला नाही. मी सांगितले, “एक ट्रक म्हणजे एक खांब. दोन झाले की दोन खांब. मग तुझे काय ते आम्ही बघू.” माझा स्वतःचा वाटाही मी असाच भावाच्या नावे केला आणि वर जामीनदार म्हणून सही केली, हे खरे आहे, पण माझी नोकरी होती, पेन्शन येणार होती. मी सोडले ते वरचे साठलेले. तिने सोडले ते तेवढेच होते.

पुष्कळ रात्री या गोष्टीचा विचार करताना मला जाणवले की, त्या वेळी मी घरात बाजाराच्या वजनाने वागलो. जो वर चढत होता त्याला आणखी दिले. जिचे वजन कमी होते तिच्याकडून काढले, आणि ते इतके स्वाभाविक वाटले की त्याला मी हिशोबही म्हटले नाही. उलट बाजारात मी काय करीत होतो? एका खाण कंपनीचे थोडे शेअर मी घेतले होते. आपल्या मातीतली कंपनी, आपली पोरे तिथे कामाला, या मायेने. ते पडू लागले तेव्हा सगळ्यांनी विकायला सांगितले, तरी विकले नाहीत. आजारी नातेवाइकाला टाकून जाऊ नये तसा बसून राहिलो. बाजारात नातेवाइकासारखा वागलो आणि घरात बाजारासारखा.

निर्देशांकाला माया नाही. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी हिशोबातल्या खोटेपणाची कबुली दिली, शेअर एका दिवसात तीन-चतुर्थांशाहून अधिक कोसळला, आणि त्याच महिन्यात ती कंपनी सेन्सेक्समधून आणि निफ्टीमधून बाहेर गेली. तिच्या जागी दुसरी आली. निर्देशांक दीर्घकाळ वर जाताना दिसतो त्याचे एक कारण हेही आहे की, पडलेले त्यात राहत नाहीत. मला यात अन्याय दिसत नाही. कंपनी म्हणजे माणूस नव्हे. पण घराचा निर्देशांक असा चालवता येत नाही. अर्धांग झालेल्या जावयाला काढून दुसरा घेता येत नाही.

सारख्या वजनाच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक विचारायला हवे. सारखे, पण कोणाकोणात? त्या पन्नास कंपन्या आधी मोठेपणावरच निवडलेल्या असतात. एकावन्नाव्या कंपनीला त्या समतेतला एक पैसाही मिळत नाही. आमच्या गावकऱ्यांत हे पूर्वीपासून आहे. काही कोमुनिदादींत उत्पन्नाची वाटणी झोण म्हणून गावकऱ्यांत माणसामागे होई, तर काही ठिकाणी ज्याच्याजवळ जितके शेअर तितकी. झोणाची रीत ऐकायला किती न्यायाची! पण गावकऱ्याचा मुलगा असेल तरच तो मोजला जाई. त्याची बहीण नाही, कूळ नाही, मुंडकार नाही, ज्याने बांध घातला तो तर नाहीच. समता दाराच्या आत असते. दाराशी कोण उभा आहे, ते तागडी सांगत नाही.

आमच्या घरी बहीण दाराच्या आत होती. कायद्याने होती. मी तिला एका सहीने बाहेर काढले.

पुढचे थोडक्यात सांगतो. २०१५ मध्ये दोन्ही ट्रक घेतल्या किमतीच्या चौथाईला गेले. कर्ज मिटवायला भाट विकले. सरकारी सवलतीची योजना आली तिचा थोडा आधार झाला. भाऊ आता शाळेची बस चालवतो, आणि खरे सांगायचे तर पूर्वीपेक्षा बरा झोपतो. कुळागराचा खालचा तुकडा तेवढा वाचला, कारण तो गहाण नव्हता. त्यावर नाव माझे राहिले आहे.

आणि चाक असे फिरले की, ज्या रानात काजूशिवाय काही पिकत नाही म्हणून आम्ही बहिणीची कीव करीत होतो, त्याच रानाशेजारून रस्ता गेला. ११ डिसेंबर २०२२ ला मोपाच्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. आता पेडण्यात सगळेच विमानतळाचे वजन धरून बोलतात. कोणी टॅक्सी घेतो, कोणी घरामागे खोल्या बांधतो, कोणी स्कूटर भाड्याने देतो, मोरजी-मांद्रे-हरमलला ज्यांची हॉटेले आहेत ते माळा वाढवतात. प्रत्येक जण म्हणतो, माझा धंदा शेजाऱ्याहून वेगळा आहे. २०२० च्या मार्चमध्ये करोनाने एका आठवड्यात हे सगळे एकदम बंद पाडले होते, ते विसरायला पाच वर्षे पुरली. मी टॅक्सीच्या विरुद्ध नाही. ट्रकच्याही नव्हतो. पण भाच्याच्या तीन टॅक्स्यांचे ऐकले तेव्हा मला माझाच आवाज ऐकू आला.

गेल्या रविवारी बहिणीला बोलावून घेतले. भाऊही होता. मी सांगितले ते असे. तीन नव्हे, एक टॅक्सी घ्या, कारण तिच्यात भाच्याचे स्वतःचे कष्ट आहेत. दुसऱ्याला चालवायला दिलेल्या दोन टॅक्स्यांत फक्त कर्ज असेल. दोन-तीन वर्षांचा घरखर्च पोस्टात आणि बँकेत ठेव. ‘युनिट ६४’ बँकेसारखेच सुरक्षित म्हणून आमच्या शिक्षकांनी पैसे घातले होते आणि जुलै २००१ मध्ये त्याची परत खरेदी एकदम थांबली, तेव्हा एकाच ठिकाणी नको. उरलेला पैसा निर्देशांकात. कोणत्या? दोन्ही कागदांतला फरक तुला वाटतो तेवढा मोठा नाही. काही वर्षे सारख्या वजनाचा पुढे जाईल, काही वर्षे बाजारवजनाचा. सारख्या वजनाला मागे राहिलेल्याला देत राहायची छाती लागते, आणि मोठ्या कंपन्याच वर्षानुवर्षे पुढे धावत असल्या तर शेजाऱ्यापेक्षा आपले कमी झालेले मुकाट्याने पाहावे लागते. तू रोज बघणार नाहीस, तर बाजारवजनाचा घे; तो स्वस्त आहे आणि त्याला हात लावावा लागत नाही. दहा वर्षांच्या आत लागणार असेल तो पैसा त्यात घालूच नकोस. आणि काहीही कर, पण मोपापासून जितके लांब ठेवशील तितके बरे. तुझे घर तिथे, उरलेले भाट तिथे, मुलगा तिथे. तेवढे वजन तिथे पुष्कळ झाले.

तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, “हें सगळें तुका ट्रकाच्या वेळार खबर नासलें?”

“होते,” मी म्हणालो.

भाऊ उठून बाहेर गेला. मग मी दुसरी गोष्ट काढली. कुळागराच्या तुकड्यातला तिसरा हिस्सा तिच्या नावे करून द्यायचा, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. दोघांनी म्हणायचे कारण, गोव्यात बायकोच्या सहीशिवाय नवऱ्याला जमीन देता येत नाही, आणि तिने सही करायला एका दिवसाचाही वेळ लावला नाही. लावला मी, सोळा वर्षे. आज बहिणीला त्या तिसऱ्या हिश्श्याची गरज नाही. तिच्या पासबुकातल्या व्याजात तसले दोन तुकडे येतील. गरज होती तेव्हा दिला नाही आणि आता द्यायला निघालो, यात मला माझीच समजूत घालायची आहे का, हे तिने विचारले असते तर माझ्याजवळ उत्तर नव्हते. भावाला काही द्यायला हवे होते का, हेही मी अजून ठरवलेले नाही. सध्या पडलेला तोच आहे.

तिने यातले काहीच विचारले नाही. “पाट व्हांवता मरे अजून?” एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघेही खाली उतरलो. पाट वाहत होता; खाणी थांबल्यापासून वरच्या झरीला पुन्हा थोडे पाणी येते. भावाने कोयता आणला होता, तो कडेचे रान साफ करू लागला. बहीण पोफळी मोजत निघाली. मीही मोजल्या. माझ्या बासष्ट भरल्या, तिच्या चौसष्ट. मी म्हटले, दोन वठलेल्या आहेत, त्या मी धरल्या नाहीत. ती म्हणाली, वठलेल्या कुठल्या, दाखव. आणि साडीचा पदर खोचून पुन्हा पहिल्या पोफळीपासून मोजू लागली.